स्वमग्नतेविषयी शासकीय सल्लागार समित्या (महाराष्ट्र)

स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या व्यक्तींसाठी असणाऱ्या आरोग्य, शिक्षण, पुनर्वसन व पालकत्वविषयक सेवा आणि त्यांच्याविषयीचे संशोधन यांत मेळ घालण्यासाठी कायद्याने स्थापन केलेली मंडळे व समित्या या स्वमग्नतेविषयी शासकीय सल्लागार समित्या होत. केवळ स्वमग्नतेसाठी स्थापन झालेली स्वतंत्र वैधानिक समन्वय समिती भारतात नाही. ते काम राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या दोन कायद्यांखालील निरनिराळ्या मंडळांमध्ये विभागलेले आहे. महाराष्ट्रात या साखळीचे वरचे टोक मुंबईतील राज्य सल्लागार मंडळ आणि खालचे टोक जिल्हाधिकारी कार्यालयातील स्थानिक स्तर समिती हे आहे. प्रस्तुत लेखात या रचनेचा परिचय असून जिल्हा पातळीवरील विवेचनासाठी सोलापूर जिल्ह्याचे उदाहरण घेतले आहे.

संज्ञा

स्वमग्नता हा मेंदूच्या विकासाशी निगडित, जन्मापासून असणारा आणि आयुष्यभर राहणारा भेद आहे. इतरांशी होणारा संवाद व देवाणघेवाण यांतील अडचण, वागण्यातील पुनरावृत्ती आणि आवाज, प्रकाश, स्पर्श, चव यांना मिळणारा वेगळा प्रतिसाद ही त्याची मुख्य लक्षणे होत. १९४३ मध्ये बाल्टिमोर येथील मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या निरीक्षणावरून त्याचे वर्णन केले. त्याच्या पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्परगर यांनी आणि त्यांच्याही बरेच आधी, १९२५ मध्ये, ग्रुन्या सुखारेवा यांनी रशियात अशाच मुलांविषयी लिहिले होते.

मराठीत रूढ झालेला ‘स्वमग्नता’ हा शब्द सुटसुटीत असला तरी तो थोडा फसवा आहे. ‘मग्न’ म्हटले की त्यात आवड आणि इच्छा गृहीत धरली जाते. कवी मग्न असतो, वाचक मग्न असतो. स्वमग्न मूल मात्र बहुधा स्वतःत रमलेले नसून भोवतालच्या गोंगाटाने आणि न उलगडणाऱ्या माणसांच्या संकेतांनी भांबावलेले असते. त्यामुळे अनेक पालक व कार्यकर्ते ‘ऑटिझम’ हाच शब्द वापरणे पसंत करतात. शासकीय मराठीत दोन्ही शब्द चालतात.

समन्वयाची गरज

अस्थिभंग झालेल्या रुग्णाचा प्रवास एका रुग्णालयात सुरू होऊन तेथेच संपतो. स्वमग्न मुलाचे तसे नसते. त्याचा उशीर प्रथम अंगणवाडीत किंवा घरी लक्षात येतो, निदान रुग्णालयात होते, वाचा-उपचार आणि व्यवसायोपचार आणखी कोठेतरी मिळतात, शिक्षण शाळेत होते, प्रमाणपत्र वैद्यकीय मंडळ देते आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर कायदेशीर पालकत्वाचा प्रश्न महसूल अधिकाऱ्यासमोर जातो. महाराष्ट्रात याचा अर्थ महिला व बालविकास, सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, शालेय शिक्षण, ग्रामविकास, दिव्यांग कल्याण आणि महसूल असे किमान सात विभाग. प्रत्येकाचे रजिस्टर वेगळे, वर्षअखेरीचा अहवाल वेगळा आणि मंत्रीही वेगळा. एका विभागाने नोंदवलेले मूल दुसऱ्या विभागापर्यंत पोहोचले की नाही, हे पाहण्याची जबाबदारी यांपैकी कोणाचीच नसते. ती जबाबदारी समितीची मानली जाते.

कायद्यांतील वाटचाल

अपंग व्यक्ती (समान संधी, हक्कांचे संरक्षण व संपूर्ण सहभाग) अधिनियम, १९९५ या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व मान्य करण्यात आले होते. त्यांत स्वमग्नता नव्हती. त्यामुळे स्वमग्न मुलाला प्रमाणपत्र हवे असल्यास ते ‘मतिमंद’ या वर्गात बसवून घ्यावे लागे, आणि ज्याची बुद्धी सर्वसाधारण किंवा तल्लख होती त्याला कोणताच वर्ग नव्हता. याच कायद्याने केंद्रात आणि राज्यांत ‘समन्वय समित्या’ स्थापन केल्या होत्या.

स्वमग्नतेला कायद्यात नाव मिळाले ते १९९९ मध्ये. त्या वर्षी ३० डिसेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने (बोलीभाषेत ‘नॅशनल ट्रस्ट कायदा’) स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी एक राष्ट्रीय मंडळ आणि जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक स्तर समित्या निर्माण केल्या. या चार अवस्थांतील व्यक्तींना आई-वडिलांच्या पश्चात कोण सांभाळणार, हा प्रश्न या कायद्याच्या मुळाशी आहे.

भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराला अनुसमर्थन दिले. त्या कराराशी सुसंगत असा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम डिसेंबर २०१६ मध्ये संसदेने संमत केला आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व मान्य झाले व त्यांत स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख आला. शासकीय नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध दिव्यांगत्व या गटासाठी एकत्रितपणे ठेवण्यात आला.

या वाटचालीत एक बदल सहसा लक्षात येत नाही. १९९५ च्या कायद्यातील ‘समन्वय समिती’ २०१६ मध्ये ‘सल्लागार मंडळ’ झाली. कर्तव्यांच्या यादीत ‘सर्व विभागांच्या व स्वयंसेवी संस्थांच्या कार्याचा आढावा घेणे व त्यांत समन्वय साधणे’ हे शब्द कायम राहिले, परंतु नावातून समन्वय गेला आणि सल्ला आला. सल्ला ऐकणे वा न ऐकणे हे ऐकणाऱ्याच्या हाती असते.

राज्य सल्लागार मंडळ

२०१६ च्या अधिनियमाच्या कलम ६६ नुसार प्रत्येक राज्याने दिव्यांगत्वविषयक राज्य सल्लागार मंडळ स्थापन करावयाचे आहे. दिव्यांग कल्याणाचे काम पाहणारे मंत्री अध्यक्ष असतात. संबंधित विभागांचे सचिव व विधिमंडळाचे तीन सदस्य त्यात असतात. त्यांखेरीज दिव्यांगत्व व पुनर्वसन क्षेत्रातील पाच तज्ज्ञ, स्वयंसेवी संस्था व दिव्यांगांच्या संघटना यांचे प्रतिनिधी म्हणून शक्यतो स्वतः दिव्यांग असलेल्या व्यक्ती, आणि जिल्ह्यांचे प्रतिनिधी म्हणून आळीपाळीने नेमले जाणारे पाच सदस्य असतात. जिल्ह्याच्या प्रतिनिधीची नेमणूक त्या जिल्हा प्रशासनाच्या शिफारशीवाचून करता येत नाही. अशासकीय सदस्यांचा कार्यकाळ तीन वर्षांचा असतो आणि मंडळाची बैठक सहा महिन्यांतून किमान एकदा व्हावी, असे कायदा सांगतो.

जिल्हा-प्रतिनिधित्वाच्या तरतुदीचे गणित करून पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत. एका वेळी पाच जिल्ह्यांना तीन वर्षांसाठी जागा मिळते असे धरल्यास सर्व जिल्ह्यांची एक फेरी पूर्ण व्हायला एकवीस वर्षांहून अधिक काळ लागतो. सोलापूरचा प्रतिनिधी मंडळावरून उतरला त्या दिवशी जन्मलेले मूल पुढील प्रतिनिधी येईपर्यंत मतदार झालेले असेल. म्हणूनच जिल्ह्याचा आवाज मंडळापर्यंत पोहोचवण्याचा भार प्रत्यक्षात जिल्हा समितीच्या इतिवृत्तावर पडतो.

प्रतिनिधित्वाचा दुसरा प्रश्न खास स्वमग्नतेचा आहे. कायद्याने प्रत्येक प्रकारच्या दिव्यांगत्वाला मंडळावर स्वतंत्र जागा दिलेली नाही. दृष्टिबाधित, कर्णबधिर किंवा अस्थिबाधित व्यक्तींच्या संघटना जुन्या व अनुभवी आहेत, त्यांचे नेते स्वतः बोलतात आणि निवेदने देतात. बोलू न शकणाऱ्या स्वमग्न व्यक्तीची बाजू मांडण्यासाठी पालकच उभा राहतो. अधिनियमातील ‘नोंदणीकृत संघटना’ या व्याख्येत पालकांच्या संघटनांचा स्पष्ट समावेश आहे तो याचसाठी. त्याच वेळी, स्वतःचे म्हणणे लिहून, चित्रांच्या साहाय्याने किंवा टंकयंत्रावर मांडू शकणाऱ्या प्रौढ स्वमग्न व्यक्ती ‘आमच्या वतीने पालकांनीच का बोलावे?’ असे विचारू लागल्या आहेत. हा वाद जगभर चालू आहे आणि तो रास्त आहे.

मंडळातील खंड

महाराष्ट्राचे राज्य सल्लागार मंडळ २०१८ मध्ये स्थापन झाले, पण २०२० पासून अशासकीय सदस्यांच्या जागा रिक्त राहिल्यामुळे त्याचे काम थांबले. ही गोष्ट उघडकीस आली ती एका वेगळ्याच प्रकरणातून. मुंबईतील पदपथांवर वाहने चढू नयेत म्हणून रोवलेल्या खांबांमुळे चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तींना तेथून जाता येत नाही, या तक्रारीची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. त्या जनहित याचिकेच्या जुलै २०२४ मधील सुनावणीत, अशा अडथळ्यांकडे लक्ष देण्यासाठी असलेले राज्य सल्लागार मंडळच कार्यरत नसल्याचे समोर आले. मुख्य न्यायमूर्ती देवेंद्र कुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने याबद्दल राज्य शासनाला खडसावले व ठरावीक मुदतीत मंडळ कार्यान्वित करण्याचे निर्देश दिले.

या खंडाचा काळ महत्त्वाचा आहे. कोविडच्या साथीत अंगणवाड्या, शाळा आणि उपचार केंद्रे बंद होती आणि त्यानंतर सेवांची घडी पुन्हा बसवायची होती. नेमक्या त्याच काळात आढावा घेणारी जागा रिकामी होती. याच खंडात, डिसेंबर २०२२ मध्ये, महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाची घोषणा केली. विभाग वेगळा झाल्याने अंदाजपत्रकात आणि मंत्रालयात त्याला स्वतःचे स्थान मिळाले. मात्र एका विभागाची भर पडल्याने इतर सहा विभागांमध्ये आपोआप मेळ बसत नाही.

राज्य आयुक्त

सल्लागार मंडळाशी अनेकदा गल्लत होणारे, पण कायद्याने वेगळे असलेले पद म्हणजे दिव्यांग व्यक्तींसाठीचे राज्य आयुक्त. त्यांच्या मदतीस जास्तीत जास्त पाच तज्ज्ञांची सल्लागार समिती असते. मंडळाला नसलेली एक ताकद आयुक्तांना आहे. तक्रारीची चौकशी करताना त्यांना दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार असतात, आणि त्यांनी शिफारस केल्यास संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांच्या आत कार्यवाही करून कळवायचे असते. शिफारस मान्य नसल्यास कारणे द्यावी लागतात. शाळेने प्रवेश नाकारला किंवा परीक्षेत सवलत मिळाली नाही अशा एकेका कुटुंबाच्या प्रश्नात मंडळापेक्षा आयुक्तांकडील अर्ज अधिक उपयोगी पडतो. धोरणातील उणीव मात्र एकेका अर्जाने भरून निघत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील व्यवस्था

सोलापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,८९५ चौरस किलोमीटर असून त्यात अकरा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४३ लाखांवर होती. करमाळा किंवा माळशिरस तालुक्याच्या टोकाच्या गावांपासून सोलापूर शहर शंभर किलोमीटरहून दूर आहे. ‘आठवड्यातून तीन वेळा उपचार’ हा वैद्यकीय सल्ला तेथील शेतमजूर कुटुंबाला कसा पाळता येईल, हा प्रश्न केवळ आरोग्य विभागाचा नाही. बसचा पास, बुडालेली मजुरी आणि घरातील दुसऱ्या मुलांची देखभाल हे सारे त्यात येते.

मुलाचा पहिला संबंध अंगणवाडीशी येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती वैद्यकीय पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये या देशव्यापी कार्यक्रमाचा प्रारंभ महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. पथकात आयुष शाखेचे दोन डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका असतात. जन्मजात व्यंगे, आजार, जीवनसत्त्वादींची कमतरता आणि विकासातील विलंब अशा चार गटांतील तीस अवस्था ते शोधतात आणि विकासातील विलंबाच्या गटात स्वमग्नतेचा समावेश आहे. संशयित मुलाला जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी योजना आहे.

ही योजना कागदावर सरळ दिसते. प्रत्यक्षात पथक एका दिवसात अनेक मुले पाहते आणि हृदयाचा दोष किंवा दुभंगलेला ओठ जसा दिसतो तशी स्वमग्नता दिसत नाही. मूल शांत बसले तर ‘गुणी’ ठरते, धावले तर ‘खोडकर’. घरातही ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता’ अशी समजूत घातली जाते. शिवाय सोलापूर, बीड, धाराशिव या पट्ट्यातील ऊसतोड कुटुंबे गळीत हंगामात महिनोन्महिने गावाबाहेर असतात. तपासणीच्या दिवशी मूल मूळ गावीही नसते आणि कारखान्याच्या तळाजवळच्या अंगणवाडीच्या पटावरही नसते. असे मूल कोणत्या विभागाने शोधायचे, हे ठरवणे हा जिल्हा समितीपुढे येणारा खरा विषय होय.

भाषेचा प्रश्न सोलापुरात विशेष तीव्र आहे. शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू व हिंदी या भाषा शेजारीशेजारी नांदतात. विणकर वस्तीतील मूल घरी तेलुगू ऐकते, गल्लीत हिंदी आणि शाळेत मराठी. अशा मुलाला बोलायला उशीर झाला की ‘घरात तीन भाषा आहेत म्हणून’ हे उत्तर तयार असते. पण अनेक भाषा ऐकल्याने स्वमग्नता येत नाही. या उत्तराने फक्त निदान लांबते, आणि लहान वयातील एक वर्ष लांबणे हे मोठे नुकसान आहे. उलट बाजूने, मुलाची भाषा न जाणणाऱ्या तपासनीसाने केलेली चाचणीही चुकू शकते. तेलुगू किंवा कन्नड जाणणारा वाचा-उपचारतज्ज्ञ नेमावा काय, हा निर्णय रुग्णालयाचा, पण गरज अंगणवाडी सेविकेला ठाऊक. दोघे एका टेबलाशी बसावेत यासाठीच समितीची तरतूद आहे.

शहरातील मुख्य शासकीय रुग्णालय म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, लोकांच्या तोंडी ‘सिव्हिल’. ते डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येते. गावोगावची तपासणी पथके मात्र सार्वजनिक आरोग्य विभागाची आहेत. पालकाला हा भेद दिसत नाही आणि दिसण्याचे कारणही नाही. पण पथकाने लिहिलेली चिठ्ठी घेऊन आलेल्या मुलाची नोंद पुन्हा पथकाकडे परत जायची असेल तर दोन विभागांत तसा करार असावा लागतो.

शाळेत गेल्यावर मुलाची गाठ समग्र शिक्षा अभियानातील समावेशित शिक्षणाशी पडते. गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षक अनेक शाळांना भेटी देतात. विशेष शाळांत स्वमग्न मुलांसाठी पाच विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण भारतीय पुनर्वास परिषदेच्या निकषांत असून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात ते तात्पुरते मानक म्हणून स्वीकारले. फिरत्या विशेष शिक्षकाच्या वाट्याला येणारी मुले या प्रमाणाशी ताडून पाहिली की प्रश्नाचे आकारमान कळते. महापालिका हद्दीतील शाळा आणि जिल्हा परिषदेच्या शाळा यांचे प्रशासन वेगळे असल्याने हद्दीबाहेर राहायला गेलेल्या कुटुंबाच्या मुलाची नोंद नव्याने सुरू होते, ही आणखी एक गाठ.

अधिनियमाच्या कलम ७२ नुसार राज्याने जिल्हास्तरीय समिती स्थापन करावयाची आहे. तिच्या कामाचा तपशील कायद्याने राज्याच्या नियमांवर सोडला आहे. त्यामुळे समिती किती जिवंत राहते, हे पुष्कळदा त्या त्या वेळच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या आस्थेवर अवलंबून असते. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असे महाराष्ट्र शासनाचे धोरण आहे. ही रक्कम साहित्यवाटपावर जाते की उपचार केंद्रापर्यंतच्या प्रवासावर, हे विचारण्याची जागाही हीच.

स्थानिक स्तर समिती

राष्ट्रीय न्यास अधिनियमाच्या कलम १३ खालील स्थानिक स्तर समिती ही आकाराने लहान, पण अधिकाराने इतरांहून भक्कम आहे. तिच्यात तीनच सदस्य आवश्यक आहेत : जिल्हादंडाधिकाऱ्याहून कमी नसलेल्या दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायची असते.

स्वमग्न व्यक्तीला अठरा वर्षे पूर्ण झाली की आई-वडील आपोआप तिचे कायदेशीर पालक राहत नाहीत, ही गोष्ट अनेक कुटुंबांना बँकेच्या खिडकीपाशी कळते. खाते, वारसाहक्काची जमीन, निवृत्तिवेतनातील वाटा, शस्त्रक्रियेची संमती अशा ठिकाणी पालकत्वाचा दाखला मागितला जातो. आई-वडील, नातेवाईक किंवा (नैसर्गिक पालकाच्या संमतीने) नोंदणीकृत संस्था समितीकडे अर्ज करू शकतात. त्या व्यक्तीला पालकाची गरज आहे काय आणि कोणत्या कामांसाठी आहे, हे समितीने तपासायचे असते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी आणि नंतर दरवर्षी हिशेब समितीकडे द्यायचा असतो. पालक दुर्लक्ष करीत असल्यास किंवा मालमत्तेचा अपहार करीत असल्यास त्याला दूर करता येते. शेतीच्या वाटण्यांत बहीण-भावांचे हितसंबंध गुंतलेले असतात तेथे ही तरतूद फार मोलाची ठरते.

२०१६ च्या अधिनियमाने ‘मर्यादित पालकत्वा’ची वेगळी कल्पना आणली. तिच्यात पालक आणि दिव्यांग व्यक्ती यांनी मिळून, परस्पर विश्वासाने निर्णय घ्यायचे असतात. १९९९ च्या कायद्याचा रोख संरक्षणाकडे आहे, तर २०१६ च्या कायद्याचा स्वायत्ततेकडे. दोन्ही कायदे एकाच वेळी लागू असल्याने कोणत्या व्यक्तीला कोणती वाट योग्य, हे समितीला प्रत्येक अर्जागणिक ठरवावे लागते.

मोजणी आणि प्रमाणपत्र

किती व्यक्तींसाठी योजना आखायची, हे माहीत असल्याशिवाय समन्वयाला आधार राहत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, पण त्या प्रश्नावलीत स्वमग्नतेचा स्वतंत्र रकाना नव्हता. त्यामुळे सोलापुरात किंवा महाराष्ट्रात स्वमग्न व्यक्ती किती, याचे उत्तर जनगणनेतून मिळत नाही.

मराठी वाचकाला जवळचा असा पुरावा उत्तर गोव्यातून मिळतो. पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा या पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षे वयाच्या सुमारे चार हजार मुलांची पाहणी करणारे संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. साधारणतः आठांतील एका मुलात चेता-विकासाशी संबंधित किमान एक अवस्था आढळली आणि स्वमग्नतेचे प्रमाण शंभरांत एकाच्या आसपास होते. हे आकडे पाच ठिकाणचे आहेत, ते थेट सोलापूरला लावता येत नाहीत. प्रश्न दुर्मीळ नाही, एवढे मात्र त्यांवरून नक्की म्हणता येते.

प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी स्वमग्नता मूल्यमापनाची भारतीय मापनश्रेणी (‘इसा’) राष्ट्रीय न्यासाच्या पुढाकाराने सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने तयार केली. ती संस्था आज राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्था म्हणून ओळखली जाते. सोलापूरहून सिकंदराबादला थेट रेल्वे असल्याने जिल्ह्यातील काही कुटुंबांना ती पुण्या-मुंबईइतकीच जवळची आहे. या श्रेणीत सहा गटांत चाळीस विधाने असून प्रत्येकाला एक ते पाच गुण दिले जातात. सत्तरपेक्षा कमी गुण आल्यास स्वमग्नता नाही असे धरले जाते, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र. चाळीस टक्के ही बहुतेक सवलतींची पात्रतारेषा होय. उपचारांनी थोडे सुधारलेले मूल पुनर्तपासणीत या रेषेखाली जाईल काय, अशी धास्ती पालकांना असते. सुधारणा झाली की आधार जातो, ही विसंगती तज्ज्ञांच्याच समित्यांनी सोडवायची आहे.

संशोधन

२०१६ च्या अधिनियमाचे कलम २८ शासनाला पुनर्वसन व सक्षमीकरणाविषयी संशोधन सुरू करण्यास सांगते. प्रत्यक्षात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, जैवतंत्रज्ञान विभाग, विज्ञान व तंत्रज्ञान विभाग इत्यादी संस्था आपापल्या योजनांतून निधी देतात.

संशोधनात कोणाला सामील करून घ्यायचे, याबाबत मात्र कायदा स्पष्ट आहे. कलम ६ नुसार कोणत्याही दिव्यांग व्यक्तीवर तिच्या स्वेच्छेच्या व माहितीपूर्ण संमतीवाचून आणि शासनाने नेमलेल्या दिव्यांगत्वविषयक संशोधन समितीच्या पूर्वपरवानगीवाचून संशोधन करता येत नाही. या समितीचे निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः दिव्यांग किंवा नोंदणीकृत संघटनांचे सदस्य असले पाहिजेत. सल्लागार मंडळात ‘शक्यतो’ असलेला सहभाग येथे सक्तीचा आहे. दिव्यांग व्यक्ती ही अभ्यासाची केवळ वस्तू नाही, हे या तरतुदीमागचे तत्त्व आहे.

तिची गरज किती खरी आहे, हे मूळपेशी उपचारांच्या बाजारातून दिसते. स्वमग्नता ‘बरी’ करण्याचे आश्वासन देऊन मूळपेशी टोचण्याचा व्यवसाय देशात गेल्या दोन दशकांत वाढला, आणि त्यासाठी पालकांनी कर्जे काढली, जमिनी विकल्या. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी रक्ताशी संबंधित ठरावीक विकार वगळता मूळपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचण्यांपुरताच मर्यादित केला होता. मुंबईतील यश चॅरिटेबल ट्रस्ट या संस्थेने हा प्रश्न न्यायालयात नेला. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता व वैद्यकीय नोंदणी मंडळाने स्वमग्नतेवरील उपचार म्हणून मूळपेशींची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले आणि अशा उपचारांचा पुरस्कार वा जाहिरात हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. तज्ज्ञ समितीच्या एका पानाच्या मताने कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी वाचू शकते, मात्र ते पान करमाळ्याच्या आशा सेविकेपर्यंत मराठीत पोहोचले पाहिजे.

इतर देश

अमेरिकेत २००० च्या बाल आरोग्य कायद्याने आंतरविभागीय स्वमग्नता समन्वय समिती स्थापन झाली आणि २००६ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय संशोधनाचा आराखडा तयार करून तो अद्ययावत ठेवण्याचे काम दिले. तिच्या सदस्यांपैकी किमान एक तृतीयांश शासनाबाहेरील असतात. त्यांत स्वमग्न व्यक्ती व पालक येतात. बैठका जाहीर असतात आणि नागरिकांना त्यांत म्हणणे मांडता येते. ही समितीही सल्लागारच आहे, निधी वाटण्याचा अधिकार तिला नाही. पण शासकीय व खाजगी संस्थांनी कोणत्या विषयावर किती खर्च केला, याचा ताळेबंद ती प्रसिद्ध करते. त्याच ताळेबंदातून सेवा आणि प्रौढ वय यांवरील संशोधनाला मिळणारा वाटा फार थोडा असल्याचे उघड झाले.

इंग्लंडमध्ये २००९ च्या स्वमग्नता कायद्याने प्रौढांसाठी राष्ट्रीय धोरण आखणे शासनावर बंधनकारक केले. बांगलादेशाने २०११ मध्ये ढाका येथे दक्षिण आशियाई देशांची परिषद भरवून जाहीरनामा काढला, आणि त्या देशाच्याच पुढाकाराने डिसेंबर २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वमग्न व्यक्ती व त्यांच्या कुटुंबांच्या सामाजिक-आर्थिक गरजांविषयीचा ठराव संमत केला. जागतिक आरोग्य सभेने मे २०१४ मध्ये स्वमग्नतेविषयी केलेल्या ठरावात सदस्य देशांना या सेवा सर्वसाधारण आरोग्यव्यवस्थेशी जोडण्यास सांगितले. भारत त्या सभेचा सदस्य आहे आणि आरोग्य हा भारतीय राज्यघटनेनुसार राज्यांच्या सूचीतील विषय असल्याने या ठरावाच्या अंमलबजावणीचा मोठा भाग मंत्रालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांच्या दरम्यान घडतो.